बर्लिन सायकलवरून: एका दिवसाला एकच वस्ती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरात आठ दिवस बर्लिनला एकट्या जाताय. पुण्यात रोज सायकल चालवता, सहा वर्षं व्हीगन आहात, म्हणजे दूध-तूपही वर्ज्य, चित्रं बघायची आणि जमेल तशी काढायचीही आवड आहे. नकाशावर बेचाळीस खुणा करून झाल्यात, चित्रांच्या निळ्या, खाण्याच्या हिरव्या, सायकलच्या रस्त्यांच्या लाल, आणि त्यांचा एकमेकींशी काही मेळ लागत नाही. राहावं कुठे, दिवसाला किती खुणा होतील आणि एकटीला सायकल झेपेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी अकरा वर्षं बर्लिनमध्ये राहते. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, गाडी नाही, बारा महिने सायकलच, आणि व्हीगन होऊन चौदा वर्षं झाली. भारतातून येणाऱ्या ओळखीतल्या लोकांना दर उन्हाळ्यात दोघा-चौघांच्या गटात घेऊन शहरभर हिंडते. कोण कुठे दमतं, कोण कधी उपाशी राहतं आणि कुठून कोणाचा पाय निघत नाही, हे बऱ्याचदा पाहिलंय. त्यावरूनच सांगते.

बेचाळीस खुणा जास्त झाल्या, एवढ्यावर तुमची अडचण संपत नाही. तुम्ही तीन याद्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मनानं केल्यात आणि आता त्या एका दिवसात कोंबायला बघताय. सकाळचं म्युझियम शहराच्या नैर्ऋत्येला, दुपारचं जेवण ईशान्येला, आणि मधला तास-दीड तास नुसता सिग्नलवर. बर्लिनचं क्षेत्रफळ जवळपास ८९० चौरस किलोमीटर आहे, मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतात त्याच्या साधारण दीडपट. नकाशावर ते कळत नाही, मांड्यांना कळतं.

माझा उपाय एकच आहे. एका दिवसाला एक वस्ती घ्यायची. इथले लोक वस्तीला 'कीत्स' म्हणतात. आपल्या पेठेच्या फार जवळचा शब्द आहे हा. सरकारी नकाशात त्याच्या हद्दी असतीलच असं नाही, पण कुठल्या कोपऱ्यावर आपला कीत्स संपतो ते तिथल्या माणसाला नेमकं माहीत असतं. कीत्स सकाळपासून संध्याकाळपर्यंत हळूहळू फिरलात, तर तुमच्या तिन्ही याद्या तिथेच भेटतात. तो योगायोग नसतो. या शहरात कालव्याकाठचा रस्ता, भिंतीवरचं चित्र आणि ताटातली मसूर एकाच इतिहासातून आलेली आहेत. हे क्रॉइत्सबेर्गवरून समजावून सांगते, कारण पहिला दिवस तुम्ही तिथेच घालवावा असं मला वाटतं.

१३ ऑगस्ट १९६१ ला बर्लिनची भिंत उभी राहायला लागली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. क्रॉइत्सबेर्गचा पूर्वेकडचा भाग तोवर शहराच्या मध्याजवळ होता, तो एकाएकी भिंतीनं तीन बाजूंनी घेरलेला कोपरा झाला. पैसेवाले निघून गेले, घरं मोडकळीला आली, भाडी उतरली. त्या स्वस्त घरांत तुर्की कुटुंबं आली, मागोमाग विद्यार्थी आणि चित्रकार आले. पश्चिम बर्लिनमध्ये राहणाऱ्याला सक्तीची लष्करसेवा नव्हती, म्हणून जर्मनीभरातून तरुण मुलं आली. रिकाम्या इमारती लोकांनी ताब्यात घेतल्या. आज तुम्ही बघाल त्या भिंतचित्रांची, छोट्या गॅलऱ्यांची आणि रात्री अकरालाही मिळणाऱ्या मसुरीच्या सूपची सुरुवात ही अशी आहे.

म्हणून तिथली फेरी मी मायबाखउफरच्या बाजारापासून सुरू करते. हा बाजार लांडवेर कालव्याच्या काठावर मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो, तेव्हा पहिला दिवस यातला एक निवडा. बाजारात सायकल चालवता येत नाही, कडेला लावून पायी फिरा. ऑलिव्ह, पाव, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, सप्टेंबर असेल तर अलुबुखारांचे ढीग. पोट भरलं की कालव्याच्या काठाकाठानं पश्चिमेकडे जा. हा कालवा १८४५ ते १८५० या काळात खणला. झाडी दाट आहे आणि पाण्याच्या कडेनं जाताना चढ लागत नाही. नवख्या माणसासाठी माझा नियमच आहे: पहिल्या दिवशी पाणी सोडायचं नाही. वाट चुकली तरी कालव्यापाशी परत येता येतं.

तिथून उत्तरेला मारियानेनप्लाट्सवर बेथानियन नावाची दोन मनोऱ्यांची इमारत आहे. १८४७ साली ते इस्पितळ म्हणून सुरू झालं. नंतरच्या काळात मोठा जर्मन लेखक ठरलेला टेओडोर फोंटाने इथे औषधं बनवायचा, त्याची ती जुनी औषधशाळा अजून जपून ठेवली आहे. १९७० साली इस्पितळ बंद पडलं. पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरात आवारातल्या एका रिकाम्या इमारतीत तरुणांनी घुसून मुक्काम ठोकला. मुख्य इमारत पाडली जाणार होती. ती वाचली आणि आज तिथे कलाप्रदर्शनं होतात.

तिथून दोन मिनिटांवर, सेंट टॉमस चर्चच्या मागे, या शहरातली माझी सगळ्यात आवडती जागा आहे. म्युझियमच्या यादीत ती नसेल. भिंत बांधताना सरळ रेघ धरण्यासाठी पूर्वेकडच्या लोकांनी आपल्याच जमिनीचा एक त्रिकोणी तुकडा भिंतीच्या पलीकडे, पश्चिमेच्या बाजूला सोडून दिला. जागा पूर्वेची, पोहोचता येणार फक्त पश्चिमेकडून. तिथे नुसता कचरा साठत होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ओस्मान कालिन नावाच्या तुर्की कामगारानं तो साफ केला आणि कांदे-लसूण लावले. पहारेकऱ्यांनी चौकशी केली आणि शेवटी त्याला राहू दिलं. पुढे त्यानं टाकाऊ लाकूड-पत्र्यातून तिथे घर उभारलं. भिंत गेली, घर आणि वाफे राहिले. कालिन २०१८ साली वारला. मी त्या कुंपणापाशी कितीतरी वेळा चित्र काढत बसले आहे. कला बघायला आलेल्या माणसाला मी आधी इथे आणते, कारण यानंतर त्याला भिंतीवरचं चित्र नुसती सजावट वाटत नाही.

परतताना ओरानियनश्ट्रासवर सायकलवरून उतरा. फुटपाथमध्ये दहा सेंटिमीटरचे चौकोनी पितळी दगड बसवलेले दिसतील. नाझींनी ज्यांना घरातून नेलं त्यांची नावं त्यांच्याच दारासमोर कोरलेली आहेत. गुंटर डेमनिग या कलाकारानं बर्लिनमधले असे पहिले दगड १९९६ साली याच रस्त्यावर परवानगीशिवाय बसवले. सायकलच्या वेगात ते दिसत नाहीत, वाचायला वाकावंच लागतं.

दिवस इथे संपतो. अंतर जेमतेम बारा किलोमीटर आणि तुमच्या बेचाळीसपैकी झाल्या असतील फक्त चार खुणा. पण चारांचा एकमेकींशी काय संबंध आहे हे तुम्हाला कळलेलं असेल.

आता परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी सांगते, म्हणजे माझं बोलणं सरसकट धरू नका. पुण्यात तुम्ही रोज चालवता म्हणजे रहदारीची भीती नाही. पण वीस किलोमीटर रोज, आठ दिवस, वर म्युझियममध्ये दोन-तीन तास उभं राहणं, हा हिशेब वेगळा आहे. गुडघा कुरकुरत असेल तर एक दिवसाआड सायकल घ्या. सप्टेंबरात हवा बहुधा छान असते, तरी पाऊस दोन दिवसही ठाण मांडतो. त्या दिवशी मेट्रोनं जाऊन एकच मोठं म्युझियम करा. पैशांचाही प्रश्न आहे. मोठी म्युझियमं महाग पडतात, पण रस्त्यावरची, चर्चमधली आणि छोट्या गॅलऱ्यांमधली कला फुकट आहे आणि तुमच्या आवडीच्या माणसाला ती आठ दिवस सहज पुरेल.

राहण्यासाठी क्रॉइत्सबेर्ग आणि नॉयकोल्न यांच्या सीमेवर, कालव्यापासून चालत पाच मिनिटांत असलेली जागा बघा. झोप सावध असेल तर रस्त्याच्या बाजूची खोली घेऊ नका, आतल्या अंगणाकडची मागा. इथल्या जुन्या इमारतींना चौकाच्या वाड्यासारखं आत अंगण असतं. घर ठरवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: सायकल रात्री अंगणात ठेवता येईल का? रस्त्यावर ठेवलेल्या सायकली इथे चोरीला जातात, माझ्या दोन गेल्या. कुलूप जाड घ्या आणि नुसतं चाक बांधू नका, सांगाडा खांबाला बांधा.

सायकलबद्दल तुम्ही 'झेपेल का' विचारलंत. झेपेल, फक्त शरीराला लागलेल्या चार सवयी मोडाव्या लागतील. पहिली सवय ब्रेकची. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, इथे पुढचा डाव्या हाताला. घाईत डावा ब्रेक करकचून दाबलात तर पुढच्या चाकावरून फेकल्या जाल. शिवाय भाड्याच्या पुष्कळ सायकलींना पायाचा ब्रेक असतो, म्हणजे पेडल उलटं फिरवलं की मागचं चाक थांबतं. सिग्नलला उभं राहिल्यावर आपण पेडल सहज मागे फिरवून पायाखाली आणतो ना, ते यात होत नाही. दुकानातून निघण्याआधी शांत गल्लीत दहा मिनिटं नुसतं थांबायचा आणि निघायचा सराव करा.

दुसरी गोष्ट उजवी बाजू. रस्त्याच्या उजवीकडून चालवायचं हे एका तासात जमतं. खरा धोका उजवीकडे वळणाऱ्या ट्रकचा. तुम्ही सरळ जात असता, तुमचा सिग्नल हिरवा असतो, आणि तुमच्या डावीकडचा ट्रक तुम्हाला न बघता उजवीकडे वळतो. हक्क तुमचा असला तरी चौकात अशा वाहनाच्या बाजूला उभ्या राहू नका, मागे राहा. आणि छोट्या रस्त्यांच्या चौकात सिग्नल किंवा पाटी नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असा कायदा आहे. आपल्याकडे कोण आधी जाणार हे डोळ्यांनी ठरतं, इथे समोरचा तुमच्याकडे न बघताच निघतो, कारण हक्क त्याचा आहे असं तो धरून चालतो.

तिसरी गोष्ट ट्रामचे रूळ. ते बहुतांशी जुन्या पूर्व बर्लिनमध्ये आहेत. दुसऱ्याच महिन्यात मी कास्टानियेनअलेवर उभी गाडी चुकवायला गेले, चाक रुळात अडकलं आणि कोपर फुटलं. रूळ ओलांडायचा तर शक्य तितका काटकोनात, आणि पाऊस पडत असेल तर उतरून. चौथी गोष्ट दगडी रस्ते. मोठ्या रस्त्यांच्या मधल्या गल्ल्यांमध्ये अजून जुने ग्रॅनाइटचे दगड आहेत, पाठीचा कणा खिळखिळा होतो. तरीही फुटपाथवर चढू नका, मोठ्या माणसांना तिथे सायकल चालवायला बंदी आहे. रुंद टायरची सायकल मागून घ्या. लाल सिग्नल तोडल्यास किमान ६० युरो आणि चालवताना हातात फोन धरल्यास ५५ युरो दंड आहे. हेल्मेटची सक्ती नाही, पण मी घालते आणि तुम्हीही घाला. लांबचा पल्ला असेल तर सायकलचं वेगळं तिकीट काढून ती मेट्रोत नेता येते.

एकटेपणाचं म्हणाल तर दिवसा मला कधीच भीती वाटलेली नाही. अंधार पडल्यावर मात्र गोर्लित्सर पार्कमधून जाऊ नका, बाजूच्या रस्त्यानं जा.

आता जेवण. यात आपल्या लोकांची एक ठरलेली चूक होते. 'शाकाहारी' आणि 'व्हीगन' यांच्यात जे अंतर आहे ते इथे भारतापेक्षा वेगळ्या जागी पडतं. आपल्याला घरी तूप, दही, ताक यांच्यावर लक्ष ठेवायची सवय. इथे शाकाहारी म्हणजे चीज आणि अंडं. 'वेगेटारिश' म्हणालात तर चीजचा थर आलाच समजा. 'वेगान' असं दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन म्हणा, बर्लिनमध्ये बहुतेक सगळ्यांना ते कळतं आणि कोणी भुवया उंचावत नाही. २०११ साली प्रेन्त्स्लाउअर बेर्गमध्ये संपूर्ण व्हीगन सुपरमार्केट उघडलं होतं. ती साखळी दुकानं पुढे बंद झाली, पण आता साध्या सुपरमार्केटांत आणि औषधं-साबणाच्या दुकानांतही ते सगळं मिळतं.

पण मी व्हीगन पाटी लावलेल्या जागांच्या मागे फारशी लागत नाही, तुम्हीही त्या हिरव्या खुणांमधल्या निम्म्या खुशाल पुसा. वस्तीचं मूळचं खाणं शोधा. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून सुट्या पदार्थांसाठीसुद्धा चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे. त्यात दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यांचा वर्ग हे सगळं येतं. म्हणून मेनूत पदार्थाच्या नावापुढे बारीक अक्षरं किंवा आकडे दिसतात आणि खाली त्यांची किल्ली असते. भाषा न येता निम्मं काम तिथेच होतं. पण मध, जिलेटिन आणि डुकराची चरबी त्या चौदात नाहीत. त्यासाठी विचारावंच लागतं. साधा राईचा आंबवलेला पाव बहुधा पीठ, पाणी, मीठ एवढाच असतो. ब्रेत्सेल या गाठीच्या पावात मात्र कधीकधी चरबी घालतात. बेकरीत 'इस्ट दास वेगान?' (हे व्हीगन आहे का?) एवढं म्हटलं की पुरतं.

मसुरीचं तुर्की सूप म्हणजे आपल्या वरणाचं चुलत भावंड. लिंबू पिळून, पाव बुडवून खायचं. काही ठिकाणी वरून लोणी सोडतात म्हणून 'ओने बुटर', लोण्याशिवाय, असं म्हणायचं. 'चीय कोफ्ते' या नावाचा अर्थ कच्चा कोफ्ता असा होतो आणि मूळ पदार्थ मांसाचा, पण दुकानात मिळतो तो बारीक दलियाचा, मिरचीत मळलेला, पोळीत गुंडाळलेला. फलाफलवर लसणाची पांढरी चटणी घालू देऊ नका, त्यात दही किंवा मेयोनेज असतं, तिळाची मागा. आणि बर्लिनमधल्या सुदानी दुकानांत फलाफलवर शेंगदाण्याची चटणी देतात. दाण्याच्या कुटावर वाढलेल्या माणसाला ती पहिल्या घासाला ओळखीची लागते. पूर्व बर्लिनमध्ये व्हिएतनामी खाणावळी भरपूर आहेत, कारण १९८० च्या करारानं पूर्व जर्मनीनं व्हिएतनाममधून कामगार आणले आणि त्यातले बरेच भिंत पडल्यावरही राहिले. तिथे टोफू मागवताना माशाचा सॉस नको हे आवर्जून सांगा, भाज्यांच्या पदार्थातही तो असतो.

रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांमधली सोडून. पहिल्या वर्षी एका रविवारी घरात काही नव्हतं आणि दुपारी तीनपर्यंत मी फक्त कोरड्या पावावर होते. शनिवारी सामान भरून ठेवा. घरून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग आणा. भारतातून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे-बर्फी आणणाऱ्यांची पंचाईत होते, तुमची होणार नाही. ताजी फळं-भाज्या मात्र आणू नका. आणि चित्रांचं सामान आणणार असाल तर एवढं बघून घ्या: जलरंगाच्या बऱ्याच महागड्या कागदांना जिलेटिनची कांजी असते.

बाकीच्या दिवसांसाठी चार वस्त्या सुचवते.

नॉयकोल्न. इथे रिक्सडोर्फ नावाचं जुनं गाव शहराच्या पोटात तसंच राहिलंय. १७३७ साली प्रशियाच्या राजानं बोहेमियातून धर्मछळामुळे पळून आलेल्यांना इथे जागा दिली. बुटकी घरं, अंगणं, रिखार्डप्लाट्सवर लोहाराचा कारखाना. तिथून पाच मिनिटांवर झोनेनअले, जिथे आज सीरिया-लेबनॉनची बेकरी आणि हरभऱ्याचं हुमुस. पावणेतीनशेहून जास्त वर्षं या भागात बाहेरून आलेले लोक राहतायत, हे एका फेरीत दिसतं. जवळच जुन्या बिअर कारखान्यात किंडल नावाचं समकालीन कलेचं केंद्र आहे, तांब्याची अजस्र भांडी अजून जागेवर आहेत. दम असेल तर दक्षिणेला ब्रित्समध्ये ब्रुनो टाउट या वास्तुकारानं १९२५ पासून बांधलेली घोड्याच्या नालाच्या आकाराची वसाहत बघा. कामगारांना स्वस्त घर द्यायचं म्हणून रंग काढून घ्यायचा नाही, अशी त्याची भूमिका होती. ते निळे आणि लाल दर्शनी भाग उन्हात बघायला हवेत. २००८ पासून ती जागतिक वारसा आहे. परतीला टेम्पलहोफच्या विमानतळावर या. तो २००८ साली बंद झाला, २०१० साली बाग म्हणून उघडला, आणि २०१४ च्या सार्वमतात लोकांनी तिथे इमारती नकोत असा कौल दिला. धावपट्टीवर सायकल चालवताना वारा समोरून असेल तर धाप लागते, पाठीमागून असेल तर पाय हलवावे लागत नाहीत. अंधार पडला की फाटकं बंद होतात.

डालेम. शहराच्या नैर्ऋत्येचा झाडांनी भरलेला, श्रीमंत भाग. क्रॉइत्सबेर्गहून मेट्रोच्या तिसऱ्या मार्गानं सायकलसकट थेट जा. तिथे ईनेश्ट्रास २२ या पत्त्यावर पूर्वी मानववंशशास्त्राची संस्था होती. १९२८ ते १९३० या काळात इरावती कर्वे यांनी तिथे ऑयगेन फिशरच्या हाताखाली पीएचडी केली. कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे असं त्यांच्या मार्गदर्शकाचं मत होतं. बाईंनी मोजमापं घेतली आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहिलं. पुढे त्याच संस्थेनं नाझींच्या वंशविज्ञानाला हातभार लावला, दाराशी तशी पाटी आहे. पुण्याहून आलेल्या कोणालाही मी ती वाचायला नेते आणि तिथे मला दरवेळी बाईंचा अभिमान वाटतो. तिथून दोन-तीन किलोमीटरवर जंगलाच्या कडेला ब्रुके म्युझियम आहे, १९६७ साली उघडलेलं. किर्शनर, श्मिट-रोटलुफ या चित्रकारांचे ते तापलेले रंग. १९३७ साली यांची चित्रं 'अधःपतित' म्हणून जप्त झाली होती. याच काळात, १९३३ साली, बर्लिनमध्ये जन्मलेला रूडी फॉन लायडन जर्मनी सोडून मुंबईला आला आणि पुढे रझा, सूझा, आरा, हुसेन या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाच्या पाठीशी समीक्षक म्हणून उभा राहिला. ती चित्रं बघताना हा धागा मनात असू द्या. इथे व्हीगन जेवणाची सोय तुरळक आहे, डबा न्या.

कुल्टुरफोरम. पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवा. ग्लाइसड्राइएकची बाग जुन्या रेल्वेच्या जागेवर झाली आहे, तिच्यातून सायकलनं सरळ इथवर येता येतं. तिथल्या गेमेल्डेगालरी या जुन्या चित्रांच्या म्युझियममध्ये पीटर ब्रॉइगेलचं १५५९ सालचं म्हणींचं चित्र आहे. एका गावात शंभरावर म्हणी माणसं होऊन वावरतायत. वासरू बुडाल्यावर खड्डा बुजवणारा माणूस शोधा. आपलं 'बैल गेला आणि झोपा केला' तिथे रंगात आहे. मी त्या एका चित्रासमोर तासभर बसते. सोमवारी बंद असतं, आणि पाठीवरची पिशवी लॉकरमध्ये ठेवावी लागते.

थोडक्यात तुमचं गणित असं होईल: मंगळवारी किंवा शुक्रवारी कालवा आणि क्रॉइत्सबेर्ग, रविवारी नॉयकोल्न आणि टेम्पलहोफ, एक दिवस डालेम, एक पावसाचा, दोन दिवस मोकळे. मोकळे दिवस भरू नका. ज्या वस्तीत मन अडकलं तिथे परत जाण्यासाठी ते ठेवा. आणि जाण्याच्या आदला दिवस, शक्यतो गुरुवार, प्रेन्त्स्लाउअर बेर्गला.

गुरुवार अशासाठी, की त्या दिवशी कोलवित्सप्लाट्सवर सेंद्रिय भाज्यांचा बाजार असतो. केटे कोलवित्स ही चित्रकार १८९१ पासून १९४३ पर्यंत याच चौकालगत राहिली. नवरा गरिबांचा डॉक्टर. त्याच्याकडे येणाऱ्या बायका, त्यांची थकलेली मुलं, हेच तिच्या छापचित्रांत उतरलं. पहिल्या महायुद्धात तिचा अठरा वर्षांचा मुलगा पेटर गेला. मुंबईत राहून लिनोकट करणाऱ्या चित्तप्रसादच्या दुष्काळाच्या चित्रांशेजारी तिची चित्रं ठेवून बघा, नातं लगेच दिसतं. चौकातल्या बागेत तिचा बसलेला पुतळा आहे आणि मुलं त्याच्या मांडीवर चढून खेळतात. बाजारातून पाव, टोमॅटो, सूर्यफुलाच्या बियांचं पावाला लावायचं वाटण घ्या आणि तिथेच बाकावर जेवा. मग सायकलवर बसा. इथून शहराच्या मध्याकडे रस्ता उतरत जातो. लीनिएनश्ट्रास हा सायकलींसाठी राखलेला रस्ता पकडा, रूळ टळतात. उंटर डेन लिंडेनवर नोये वाखे नावाची खांबांची इमारत आहे. आत मृत मुलाला कुशीत घेतलेल्या आईची कोलवित्सनं घडवलेली मूर्ती, १९९३ साली मोठी करून बसवलेली. मोकळ्या दालनात ती एकटीच आहे, आणि बरोबर तिच्या वर छताला गोल भोक ठेवलंय. पाऊस आला तर तिच्यावर पडतो. त्या दिवशी पाऊस असला तर बेत रद्द करू नका, रेनकोट घालून जा.